ग्रीनब्रायरपासून मुरगावपर्यंत

ती. आई-बाबांस,
सा. न.

गेल्या रविवारी वेस्ट व्हर्जिनियातलं ‘ग्रीनब्रायर’ हॉटेल बघून आलो. राहिलो नाही गं आई, भाडं ऐकूनच घाम फुटला. एक चहा दोघांत घेतला आणि तास काढला.

पांढराशुभ्र राजवाडाच म्हणा. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या जर्मन राजदूतावासाची माणसं बायकामुलांसकट इथे आणून ठेवली. भोवती डोंगर, फाटकासमोर रेल्वे स्टेशन, पहाऱ्याला सोयीचं. जपान्यांना आधी व्हर्जिनियातल्या ‘होमस्टेड’ हॉटेलात ठेवलं होतं, मग एप्रिल १९४२ मध्ये इकडे आणलं. त्यांत राजदूत नोमुराही होते. पर्ल हार्बरवर बाँब पडले त्या दिवसापर्यंत ते वॉशिंग्टनमध्ये वाटाघाटी करत होते!

शत्रूला एवढी बडदास्त कशाला, असं मलाही आधी वाटलं. पण अमेरिकेचीही माणसं तिकडे अडकली होती. बर्लिनमधली तर बाड नाउहाइमच्या एका हॉटेलात, ऐन थंडीत. इथल्या पाहुण्यांचे हाल झाले, तर तिथल्यांचेही होणार. साधा हिशेब.

उन्हाळ्यात अदलाबदल झाली. नोमुरा आणि मंडळी न्यूयॉर्कहून ‘ग्रिप्सहोम’ या स्वीडिश बोटीने आफ्रिकेतल्या लोरेंसो मार्केसला गेली. आणि बाबा, आता बसून वाचा. हीच ग्रिप्सहोम दुसऱ्या फेरीत, ऑक्टोबर १९४३ मध्ये, आपल्या मुरगावला लागली! समोरून जपानची ‘तेइआ मारू’ आली. प्रत्येक बोटीवर दीडेक हजार माणसं, बहुतेक साधी नागरिक. पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोवा.

एहरनफेल्सची गोष्ट तुम्ही आम्हाला शंभरदा सांगितलीत. जर्मन बोट, इंग्रजांचा छापा, बंदरातली आग. ती त्याच वर्षीची, मार्चमधली. पण या दोन बोटींचं कधी नाव काढलं नाहीत. बोट जळली नाही म्हणून ही गोष्ट मागे पडली की काय?

आजोबा तेव्हा वास्कोतच होते ना? मोठ्या आत्याला विचारा, तिच्या कानावर काही आलं असेल. आणि आई, माळ्यावरची आजोबांची पत्र्याची पेटी मी येईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नकोस.

तुमची,
मनू