पलटण आणि गाव : श्रीधरला पत्र

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा वाचला. पहिल्या महायुद्धातल्या ॲक्रिंग्टन पॅल्सवर, म्हणजे मित्र-शेजाऱ्यांनी एकत्र भरती होऊन बनलेल्या पलटणीवर, लिहायचं ठरवलंस याचा मनापासून आनंद झाला. एक पलटण, लँकेशायरमधलं एक गिरणगाव आणि चार-साडेचार वर्षं. ब्रिटिश सैन्य आणि ब्रिटिश समाज एकमेकांत कसे गुंतले होते ते बघायला ही जागा उत्तम आहे. पण आराखड्यात तू ‘पलटण म्हणजे गणवेशातलं गाव’ असं लिहिलंयस, आणि सगळी प्रकरणं त्या वाक्यावर उभी केलीयस. ते वाक्य सप्टेंबर १९१४ ला निम्मंच खरं आहे आणि १९१८ ला जवळजवळ खोटं. म्हणून एवढं लांबलचक पत्र.

सुरुवात भरतीपासून करू. ॲक्रिंग्टनचे महापौर जॉन हारवुड यांनी वॉर ऑफिसला (ब्रिटिश युद्धखात्याला) पलटण उभी करून देण्याची तयारी कळवली, १४ सप्टेंबर १९१४ ला भरती सुरू झाली आणि दहाएक दिवसांत पलटण भरली. सैन्याच्या कागदावर ती ईस्ट लँकेशायर रेजिमेंटची अकरावी (सर्व्हिस) बटालियन. ॲक्रिंग्टनची लोकसंख्या तेव्हा जेमतेम ४५ हजार. एवढ्याशा गावाला हजार-अकराशे माणसं एकट्यानं देता आली नाहीत : एक कंपनी चोर्लीची, एक बर्न्लीची, आणि एकीत आसपासच्या वस्त्यांतली माणसं. तेव्हा ‘गाव’ म्हणताना कुठलं, हा प्रश्न पहिल्याच पानावर येतो. चोर्लीच्या लोकांना त्यांची कंपनी ॲक्रिंग्टनच्या नावावर गेलेली आजही रुचत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

माणसं का गेली, यावर देशप्रेम एवढंच उत्तर देऊन थांबू नकोस. युद्ध पेटताच सुताचा व्यापार बसला होता, गिरण्या अर्ध्या वेळेवर चालत होत्या किंवा बंद होत्या. शिपायाचा पगार दिवसाला १ शिलिंग, म्हणजे आठवड्याला ७. बायकोला ऑक्टोबर १९१४ पासून आठवड्याला १२ शिलिंग ६ पेन्स मिळू लागले, पण त्यातले ३ शिलिंग ६ पेन्स नवऱ्याच्याच पगारातून कापलेले असत. हे दोन आकडे बरेच जण बेरजेला धरतात आणि घरात येणारा पैसा फुगवतात. बरोबर हिशेब असा : सरकारकडून ९ शिलिंग, नवऱ्याकडून साडेतीन, आणि नवऱ्याच्या हातात आठवड्याला उरले साडेतीन. शिवाय त्याचं खाणंपिणं आणि कपडे सैन्याचे. बंद गिरणीच्या विणकराच्या घरात याला काय किंमत होती ते गिरणीतल्या मजुरीच्या दरांशी ताडून दाखव, वाचकाला आपोआप कळेल. मात्र भत्ता वेळेवर पोचत नव्हता. त्या शरद ऋतूत विवाहाचे दाखले तपासता तपासता कचेऱ्या कोलमडल्या होत्या आणि बायका स्थानिक मदतनिधीच्या दारात उभ्या होत्या. वर्तमानपत्रात हे सापडतं, सैन्याच्या कागदात नाही.

उंचीचं प्रकरण तू आराखड्यात घेतलं आहेस, तिथे सावध राहा. ऑगस्टमध्ये किमान उंची ५ फूट ३ इंच होती. माणसांचा लोंढा आवरेना (३ सप्टेंबरला एका दिवसात ३३ हजारांवर भरती झाली) म्हणून ११ सप्टेंबरला ती ५ फूट ६ इंच केली. म्हणजे ॲक्रिंग्टनची भरती सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी. ऑक्टोबरमध्ये ती ५ फूट ४ वर आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा ५ फूट ३ वर आणली. तेव्हा भरतीपत्रकांवरच्या उंचीची सरासरी काढून ‘गिरणी कामगार एवढे उंच होते’ असं लिहिता येणार नाही. बुटके दारातूनच परत गेलेले असतात, त्यामुळे सरासरी वर सरकते. आधी तारखेप्रमाणे गट पाड, मग प्रत्येक गटात किमान मर्यादेच्या अगदी वरच माणसांची गर्दी दिसते का ते बघ. दिसली तर मोजणाऱ्यानं एखादा इंच पदरचा घातला असं समजायला हरकत नाही. वयाचंही तसंच. परदेशी पाठवायला १९ पूर्ण लागत, म्हणून सांगितलेलं ‘१९ वर्षं’ १९११ च्या जनगणनेशी ताडल्याशिवाय वापरू नकोस.

आता कागद. शिपायांच्या सेवापुस्तिका लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरात डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ३६३ या मालिकेत आहेत. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या आर्नसाइड स्ट्रीटवरचं गोदाम बॉम्बहल्ल्यात जळलं आणि त्यात साठ टक्क्यांहून जास्त पुस्तिका गेल्या. उरलेल्यांच्या कडा करपलेल्या आहेत, काही पाण्यानं भिजलेल्या. करपलेला भाग नेमका वरचा असला तर शिपायाचा क्रमांक आणि नाव जातं आणि पान भलत्याच माणसाच्या पुस्तिकेत चिकटलेलं सापडतं. म्हणून प्रत्येक पानावरचा क्रमांक स्वतः वाच, पहिल्या पानावर विसंबू नकोस. डब्ल्यूओ ३६४ जळालेली नाही, म्हणून सगळ्यांना ती आवडते. पण तिच्यात मुख्यतः आजारपणामुळे किंवा जखमेमुळे निवृत्त होऊन पेन्शन मागणारी माणसं आहेत. दोन्ही मालिका एकत्र मोजल्या की पलटण आहे त्यापेक्षा आजारी दिसते. दोन्हींची कोष्टकं वेगळी ठेव आणि लेखातही वेगळीच दे.

ज्याची पुस्तिका जळली त्याच्यासाठी पदकाचं कार्ड, डब्ल्यूओ ३७२. कार्डावर परदेशी पोचल्याची तारीख असते, पण ती १९१४ किंवा १९१४-१५ चा स्टार हे पदक मिळालेल्यांचीच. आपली पलटण डिसेंबर १९१५ मध्ये सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी इजिप्तला निघाली आणि मार्च १९१६ मध्ये फ्रान्सला आली, त्यामुळे वर्ष संपायच्या आत कोण उतरलं यावर स्टार मिळणं न मिळणं ठरलं. १९१६ नंतर कुमक म्हणून आलेल्याच्या कार्डावर तारीख कोरी. आणि जो इंग्लंडबाहेर गेलाच नाही त्याचं या पदकांचं कार्डच नाही. गावातल्या भरतीपैकी किती जण घरीच राहिले हे या मालिकेतून कधीच कळणार नाही.

क्रमांकांचा घोळ तुला पहिल्याच आठवड्यात भेटेल. १९२० पर्यंत क्रमांक सबंध सैन्यात एकमेव नव्हता, रेजिमेंटपुरताच होता. टेरिटोरियल (अर्धवेळ सैनिकांच्या) बटालियनींचे तर स्वतःचे वेगळे क्रमांक, आणि १९१७ च्या सुरुवातीला त्यांना सहा आकडी नवे दिले. माणूस दुसऱ्या रेजिमेंटमध्ये गेला की तिसरा क्रमांक. त्यामुळे जेम्स टेलर हा एक माणूस तीन म्हणून मोजला जातो, किंवा तीन जेम्स टेलर एक होतात. उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही : एका माणसाला एक ओळ, प्रत्येक साधनाचे वेगळे स्तंभ, आणि साधनात जसं लिहिलंय तसंच उतरवणं. नावाचं स्पेलिंग, पत्ता, धंदा यातलं काहीही ‘सुधारायचं’ नाही. जुळणी करताना नाव आणि क्रमांक यांच्या जोडीला पत्ता किंवा जवळच्या नातलगाचं नाव जमलं तरच ‘पक्की’ लिही, नाहीतर ‘संभाव्य’.

मृतांच्या सरकारी छापील यादीत जन्मगाव, राहण्याचं गाव आणि भरतीचं गाव असे तीन तपशील असतात, आणि बऱ्याच नावांपुढे राहण्याचं गाव गाळलेलं असतं. मग अभ्यासक भरतीचं गाव तिथे बसवतात. तसं करू नकोस. भरतीची कचेरी ज्या गावात होती तिथे दहा मैलांवरूनही पोरं चालत येत. ॲक्रिंग्टन ‘फुगतं’ ते इथेच.

१ जुलै १९१६ चं, म्हणजे सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवसाचं, प्रकरण तू पुढे कधीतरी लिहिशील, पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. फ्रान्समधल्या सेर गावासमोर पलटणीतले ७२० च्या आसपास लोक हल्ल्यात उतरले आणि ५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, असा आकडा सगळीकडे छापलेला आहे. तो आकडा ‘मृतांचा’ नाही. किती जण त्या दिवशी मेले आणि किती जण नंतर इस्पितळात गेले, हे तारखेनुसार वेगळं काढावं लागतं. बेपत्ता म्हणून नोंदलेल्यांचा मृत्यू कित्येक महिन्यांनी गृहीत धरला गेला आणि तारीख १ जुलैच लावली. ॲक्रिंग्टनच्या घरांत ही बातमी एका दिवशी एका तारेनं आली नाही. ती तुटक तुटक आली, कुणाच्या जखमी मित्राच्या पत्रातून, कुणाच्या परत आलेल्या पाकिटातून, आणि सरकारी यादी लागेपर्यंत आठवडे गेले. त्या जुलैचे स्थानिक वर्तमानपत्राचे अंक ओळीनं वाच. छायाचित्राखालचा पत्ता उतरवून घे, तो तुझ्या कोष्टकातला सगळ्यात मोलाचा स्तंभ ठरेल.

पलटणीची रोजनिशी डब्ल्यूओ ९५ मध्ये आहे, सी.२११८ या छापील नमुन्यावर. बहुधा ॲड्ज्युटंट (पलटणीचं कामकाज बघणारा अधिकारी) लिहायचा. अधिकारी मेला की नाव, शिपाई मेले की नुसता आकडा. मोठ्या लढाईची नोंद पुष्कळदा नंतर सावकाश लिहिलेली असते, तेव्हा त्यातल्या वेळा घड्याळाच्या म्हणून घेऊ नकोस, ब्रिगेड आणि डिव्हिजनच्या रोजनिश्यांशी ताडून घे. आपली पलटण ९४ व्या ब्रिगेडची, शेफील्ड आणि बार्न्सलीच्या पलटणींबरोबर, ३१ व्या डिव्हिजनमध्ये.

रोजनिशीतले नकाशासंदर्भ तुला कोड्यासारखे वाटतात म्हणालास. ५७डी.के.२९.बी.३.४ हा नमुना घे. ५७डी हा नकाशाचा ताव. के हा त्यातला मोठा चौकोन. त्यात ३० किंवा ३६ छोटे चौकोन असतात, प्रत्येकी हजार यार्डांचे, त्यातला २९ वा. त्याचे चार भाग : वर डावीकडे ए, वर उजवीकडे बी, खाली डावीकडे सी, खाली उजवीकडे डी. म्हणजे बी हा पाचशे यार्डांचा तुकडा. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून आधी पूर्वेला तीन दशांश, म्हणजे १५० यार्ड, मग उत्तरेला चार दशांश, २०० यार्ड. आधी पूर्व, मग उत्तर, हा क्रम उलटला की खंदक शत्रूच्या बाजूला जाऊन बसतो. ताव कोणत्या महिन्याचा आहे तेही बघ, खंदक हलत असत.

आता मूळ हरकत. पलटणीची रचना एकदाच मोजून चालणार नाही, निदान तीनदा मोज : भरती पूर्ण झाली तेव्हा, ३० जून १९१६ ला, आणि १९१८ च्या उन्हाळ्यात. सोमनंतर जी कुमक आली ती डेपोत जो हाताशी होता त्याची आली. जानेवारी १९१६ च्या कायद्यानं १८ ते ४१ वयाच्या अविवाहितांची आणि मे महिन्यात विवाहितांचीही सक्तीची भरती सुरू झाली होती, आणि माणूस कुठे जाणार हे त्याच्या गावावरून ठरत नव्हतं. हे उलट बाजूनंही तपास. १९१८ च्या शरदात निघालेली गैरहजर मतदारांची यादी रस्त्यावार आहे, नावापुढे क्रमांक, हुद्दा, रेजिमेंट. ॲक्रिंग्टनचा एक रस्ता घे आणि त्यातली माणसं किती वेगवेगळ्या रेजिमेंटांत, नौदलात, हवाईदलात विखुरली होती ते मोज. पॅल्स त्यातला छोटासा तुकडा निघतील. अर्थात घरच्यांनी अर्ज भरला तरच नाव लागायचं, आणि सैनिकासाठी वयाची अट १९ होती. या गाळणीचा उल्लेख केल्याशिवाय टक्केवारी देऊ नकोस.

ज्यांनी भरतीतून सूट मागितली त्यांच्यासाठी स्थानिक न्यायाधिकरणं होती. ते कागद युद्धानंतर सरकारच्या आदेशानं नष्ट झाले, नमुना म्हणून मिडलसेक्सचे आणि स्कॉटलंडमधले लोथियन व पीबल्सचे ठेवले. मिडलसेक्सची ११ हजारांवर प्रकरणं आहेत आणि त्यात विवेकाच्या कारणानं नकार देणारे सुमारे ५ टक्के. बाकीचे धंदा, म्हातारी आई, आजारपण सांगणारे. लँकेशायरसाठी वर्तमानपत्रातल्या सुनावण्यांवर भागवावं लागेल, आणि तिथे नावाऐवजी अनेकदा ‘एक विणकर, वय ३४’ एवढंच असतं.

१९१७-१८ च्या वैद्यकीय तपासणीचा आकडा तू मोठ्या अक्षरात घेतला आहेस : २४ लाखांवर तपासण्या आणि पहिल्या श्रेणीत फक्त ३६ टक्के. आकडा खरा आहे. पण त्या तपासण्या होत्या, माणसं नव्हेत, काहींची तपासणी एकाहून अधिक वेळा झाली. आणि धडधाकट लोक आधीच सैन्यात गेले होते. त्यावरून सगळ्या ब्रिटिश कामगारवर्गाची तब्येत ठरवणं अन्यायाचं होईल.

मराठी वाचकासाठी दुवा हवा म्हणतोस, तर तो ओढूनताणून ॲक्रिंग्टनमध्ये शोधू नकोस. दुसऱ्या डॉर्सेट पलटणीकडे बघ. युद्ध सुरू झालं तेव्हा ती पुण्यात होती, सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियाला (आजच्या इराकमध्ये) गेली आणि कुतच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांना शरण आली. त्याच वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डॉर्सेटचा मेलेला शिपाई नावानिशी सापडतो. बसराच्या स्मारकावर मात्र हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा घातला. साताऱ्याच्या आणि रत्नागिरीच्या घरांतून गेलेली ती माणसं. युद्धकबर आयोगानं २०२१ मध्ये याबद्दल जाहीर माफी मागितली. यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, आणि तो तूच लिहावास असं मला मनापासून वाटतं. पण या लेखात शेवटच्या परिच्छेदात कोंबू नकोस.

सुरुवात लहान कर. चोर्लीची कंपनी घे, दोनअडीचशे नावं. १९११ च्या जनगणनेतून घरातल्या खोल्या, जिवंत आणि वारलेली मुलं, धंदा हे स्तंभ भर. कुटुंबप्रमुखानं स्वतःच्या हातानं भरलेले ते फॉर्म आहेत, म्हणून मूळ प्रतिमा उघड, टंकलेल्या नकलेवर जाऊ नकोस. पन्नास ओळी झाल्या की फाइल पाठव. ‘संभाव्य’ खुणा किती पडल्या ते बघून पुढचं ठरवू.

वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद