आप्पांची चेतक मंडईत जाणार आहे

चि. मिहीर,

अनेक आशीर्वाद.

आप्पाआजोबांची जुनी चेतक स्कूटर दुरुस्त होऊन कधी तयार होणार, हे तू दर फोनवर विचारतोस आणि मी विषय बदलते. आज एकदाचं लिहूनच टाकते. गणपतीपर्यंत होणार नाही. दसऱ्याला हार घालण्याइतपत उभी राहील, पण रंग त्यानंतरच.

अडलंय ते पत्र्यापाशी. चेतकला मोटरसायकलसारखी वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, नसते, प्रेसमध्ये घडवलेला पत्रा हीच तिची चासी. पाय ठेवायची जागा गंजली तर नुसती शोभा जात नाही, गाडीची ताकदच जाते. आपली वरून ठणठणीत दिसत होती. रबराच्या पट्ट्या काढून स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. कोणीतरी कधीतरी भोकांवर लांबी, म्हणजे पुट्टी, फासून वर झकास रंग मारला होता. आता सडका भाग कापून नवा पत्रा लावायचा. कापण्याआधी पायांपुढच्या पत्र्यापासून (लेगशील्ड) सीटखालपर्यंत लोखंडी पट्टी वेल्डिंगने टाचून घ्यावी लागते, नाहीतर बॉडी वाकते आणि दोन्ही चाकं पुन्हा एका रेषेत येत नाहीत. वेल्डर म्हणाला, "ताई, कशाला एवढं?" मी पट्टी टाचल्याशिवाय त्याला कटर लावू दिला नाही. टूलरूममध्ये नोकरी केल्याचा एवढा तरी उपयोग. त्यात हा पावसाळा. उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, आणि नुसता प्रायमर मारून ठेवावा तर तोही ओल धरतो.

इंजिनाचं तुझं म्हणणं, किकला सुरू होतंय म्हणजे बरं आहे. तसं नसतं रे. चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या खोलीतून जातात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ऑइल सील कडक होतात, तिथून फुकटची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकून बसतो. तोही भर रस्त्यात. म्हणून इंजिन पूर्ण खोललंय. सील, बेअरिंगं, क्लच प्लेटा नाना पेठेत मिळाल्या. हँडलच्या जुन्या लिव्हरसाठी मात्र जुन्या बाजारात जावं लागतं, आणि तो भरतो रविवारी आणि बुधवारी. तुझे बाबा बरोबर येतात, पण पितळी अडकित्ते बघत मागे राहतात.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर खातं. त्यामुळे पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरची वॉशरं नवीन घातली. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून ती खुळखुळवली तेव्हा जे चॉकलेटी पाणी निघालं, ते पाहून सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये पाटीच लावली. मजकूर सांगत नाही, तुला अंदाज आहेच.

आता तुझ्या दोन हौशी. डिस्क ब्रेक आणि 'व्हीए' नंबर.

२०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो, त्यात व्हीए ही अक्षरं असतात. आपली १९७९ ची, म्हणजे अजून थांबावंच लागेल. शिवाय चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत. नोंदणीचे २०,००० रुपये भरायचे, आणि एवढं करून गाडी रोजच्या वापराला काढायची नाही! प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला जाणं, एवढंच. आप्पांनी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिली ती भाजी आणायला, ऑफिसला जायला आणि आम्हा दोघा भावंडांना पुढे-मागे कोंबून सिंहगडाच्या पायथ्याशी न्यायला. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी काचेत ठेवायला मी एवढा गंज खरवडलेला नाही. साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, पर्यावरण कर भरायचा. त्याआधी गाडी आप्पांच्या नावावरून माझ्या नावावर व्हायला हवी. मामाची संमतीची सही बाकी आहे, त्याला तूच फोन कर, माझ्याशी तो फक्त नारळाच्या भावाबद्दल बोलतो. आणि रंगाऱ्याला मी बजावून ठेवलंय, बॉडीवर ठोकलेल्या चासी नंबरावर लांबीचा थेंबही पडता कामा नये. आरटीओत तो वाचता आला नाही तर सगळं मुसळ केरात.

डिस्क ब्रेकसाठी पुढचा दांडा बदलावा लागेल. नको. ड्रम घासून घेतलेत, लायनर नवे आहेत, आणि चेतक काही कोणाशी शर्यत लावणार नाही.

दिवाळीत आलास की चाक खोलायला देईन. पण रिम दोन भागांची असते, आधी ट्यूबमधली सगळी हवा सोडायची आणि मगच रिमचे नट ढिले करायचे. उलट केलंस तर ते अर्धं रिम तोंडावर येईल.

डिस्क ब्रेकचं तुझं पार्सल काल आलं. उघडलेलं नाही. परत करायची मुदत शनिवारपर्यंत आहे, तेवढं बघ.

तुझी,
आई