डाळीच्या लातुरात वरण पातळ

संपादक साहेब, नमस्कार.

समतोल आहार म्हटलं की लोक लगेच सॅलड आणि महागड्या प्रोटीन पावडरीवर येतात म्हणून हे पत्र लिहितेय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये नवीन आहार सूचना काढल्या, त्यात २००० कॅलरीचं दिवसभराचं ताट दिलंय. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, दूध-दही ३०० मिली, शिवाय फळं, थोडे शेंगदाणे-तीळ आणि तेल-तूप फक्त २७ ग्रॅम. धान्य-डाळीचं वजन कच्चं बरं का, शिजवलेलं नाही.

मी घरी काट्यावर मोजून बघितलं. आम्ही पाच माणसं, म्हणजे रोज ४२५ ग्रॅम डाळ पाहिजे आणि दोन्ही वेळचं मिळून मी कुकरला लावत होते ती भरली १७० ग्रॅम! भाकरी, चपाती, भात मात्र भरपूर. पाहुणा आला की वरणात पाणी वाढतं, डाळ वाढत नाही, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहितीये. आणि हे कुठं, तर लातुरात, जिथं तुरीचा एवढा मोठा बाजार आहे, डाळ मिल आहेत. फार वाईट वाटलं मला.

ज्वारी-गव्हात लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक गरजेचा घटक, कमी असतं ते डाळीतून भरून निघतं, म्हणून वरण-भात, भाकरी-पिठलं ही जोडी चांगलीच आहे, पण त्यात डाळ पुरेशी पडली तर ना! रेशनवर गहू-तांदूळ माणशी ५ किलो फुकट मिळतात, डाळ किराण्यातून विकत आणायची, मग भाव चढला की हात पहिला डाळीवरच आखडतो, यात बायकांचा काय दोष? २०२२ च्या दिवाळीत आनंदाचा शिधा दिला त्यात १ किलो चणाडाळ होती, तशी डाळ दर महिन्याला रेशनवर का देता येऊ नये? सरकारनं याचा खरंच विचार करावा आणि तुमच्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती.

मी आता रोजच्या वरणाची डाळ वाढवलीये, शिवाय मटकीची उसळ, हुलगे, पिठलं आलटून पालटून करते. तूर परवडली नाही की हरभऱ्याची डाळ. सासूबाई आधी म्हणाल्या एवढी डाळ कशाला गं, आता त्याच रात्री मटकी भिजत घालतात.

एक वाचक, लातूर