उजनीच्या फुगवट्यावर होड्यांसाठी रात्रीचे सुरक्षित थांबे हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात रोहित पक्षी आले की उजनी धरणाच्या जलाशयावरील होड्यांची चर्चा सुरू होते, परंतु ती दिवसाच्या फेऱ्यांपुरतीच असते. संध्याकाळी जाळी टाकून पहाटे उचलणारे मच्छीमार आणि दोन-तीन दिवस पाण्यावरून हिंडू पाहणारे आमच्यासारखे हौशी लोक रात्री होडी कोठे लावतात, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही चौघे करमाळा तालुक्याच्या काठाने एका अनुभवी मच्छीमार मामांच्या होडीतून फिरलो. पहिल्या मुक्कामासाठी आम्ही एका ओढ्याचे तोंड निवडले होते, कारण तेथे वाऱ्याला चांगला आडोसा होता. मामांनी तेथे नांगर टाकण्यास साफ नकार दिला. उसाला पाणी देणाऱ्या मोटारींचे पाइप आणि विजेच्या केबली तेथे पाण्यातूनच गेल्या होत्या, आणि एखादा जोड उघडा असला तर अंधारात पाण्यात उतरणाऱ्याचा जीव जाईल, असे त्यांनी सांगितले. पुढची जागा बुडालेल्या गावठाणाच्या भिंतींमुळे सोडावी लागली. अखेर दिवस मावळल्यावर वस्तीचे दिवे दिसतील असा मुरमाड काठ सापडला आणि पुढून नांगर, मागून बाभळीला दोर अशी होडी बांधून आम्ही निजलो. मामा सोबत नसते तर आम्ही त्या ओढ्यातच राहिलो असतो, हे आठवले की आजही काळजात धस्स होते.

खरी अडचण पाणीपातळीची आहे. पूर्ण भरलेल्या उजनीची पातळी ४९६.८३ मीटर, तर मृतसाठ्याची, म्हणजे उपयुक्त पाणी संपते ती पातळी, ४९१.०३ मीटर. पाणी पावणेसहा मीटर उतरते तेव्हा सपाट काठावर ते फार दूर हटते, मागे गाळ उरतो आणि काही ठिकाणी त्यावर गाळपेरही होते. ऑक्टोबरात उत्तम असलेला थांबा मार्चमध्ये चिखलाचे मैदान होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तर पाणी मृतसाठ्याच्याही बरेच खाली गेले होते. म्हणून थांबे जागेनुसार नव्हे, तर पातळीनुसार ठरवावेत. धरण भरलेले असताना, निम्मे असताना आणि वजा पातळीत (मृतसाठ्याच्याही खाली) असताना कोठे थांबावे, हे जुन्या मच्छीमारांना विचारून निश्चित करावे. तेथे होडी बांधायला भक्कम खुंट, सौरदिवा आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक असलेला फलक असावा, तसेच त्या परिसरातून मोटारींच्या केबली हलवाव्यात.

धरणाखालच्या भीमेत ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असल्याने सलग प्रवास होत नाही. मात्र उजनीतून किंवा नीरेवरील वीर धरणातून विसर्ग सुटला की पंढरपुरापर्यंत पाणी चढते, त्यामुळे पावसाळ्यात नदीपात्रातील वाळवंटात होडी लावून झोपणे धोक्याचेच आहे.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनीच्याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वैशाखात वावटळ उठली की नावाड्याला जवळचा आडोसा तत्काळ दिसला पाहिजे, त्यामुळे हे थांबे केवळ रात्रीपुरते उपयोगाचे नाहीत. फुगवटा सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला असल्याने तिन्ही जिल्हा प्रशासनांनी जलसंपदा विभागासह एकत्र पाहणी करावी, आणि ती यंदा पाणी उतरू लागण्यापूर्वी व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर