ताणाचे प्रशिक्षण सत्राच्या सुरुवातीलाच हवे

महोदय,

10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन आला की नागपुरातल्या महाविद्यालयांत ताण व्यवस्थापनावर व्याख्यान ठरते. सभागृहात दोनशे-तीनशे मुले, दीड तासाचे भाषण, शेवटी आभार. हिवाळी परीक्षा तोंडावर असते, नवे शिकायला तेव्हा कुणाकडे डोके शिल्लक असते?

हे शिकवायचे ते सत्र सुरू होतानाच, 15-20 जणांच्या गटात, आठवड्याला एक तास, निदान सहा आठवडे. आधी श्वास. चार आकडे मोजत नाकाने घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, रोज पाच मिनिटे. ‘दीर्घ श्वास घ्या’ एवढेच सांगितले की मुले छाती फुगवून भराभर श्वास ओढतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरलेले पोर आणखी घाबरते. म्हणून भर सोडण्यावर हवा. पहिला आठवडा पाठीवर पडून, पोटावर हात ठेवून करावे. परीक्षागृहात पहिल्यांदाच करून पाहिले तर जमत नाही.

मग स्नायू सैल सोडणे. मूठ पाच-सात सेकंद आवळायची, वीसेक सेकंद सोडून द्यायची. तसेच खांदे, जबडा, पोटऱ्या. पोटरीला मात्र जोर कमी, नाहीतर गोळा येतो.

पण खोलीभाडे थकले किंवा बॅकलॉग राहिला, तर श्वास मोजून काय होणार? तिथे अडचण कागदावर लिहून, त्यातले आपल्या हातात काय आणि उद्या कुणाला भेटायचे, एवढे ठरवायला शिकवावे. आणि उन्हाळी परीक्षेत पारा 45 कडे सरकत असताना वसतिगृहातल्या मुलांना झोपेचे महत्त्व सांगू नये, कूलर दुरुस्त करून द्यावा.

दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप-भूक उडालेली, किंवा मरणाचे विचार असतील तर प्रशिक्षण पुरत नाही. मरणाचे विचार असल्यास दोन आठवडे थांबूही नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले आहे. विद्यापीठाने प्रत्येक महाविद्यालयाला एवढेच विचारावे: तुमचा समुपदेशक कोणत्या खोलीत, कोणत्या वारी, किती ते किती बसतो? आणि ते उत्तर सूचनाफलकावर लावायला सांगावे.

– एक समुपदेशक, धरमपेठ, नागपूर