कांदेवाल्यांची रिस्क दिल्लीतच आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ट्रम्पच्या टॅरिफवर रोज काही ना काही छापून येतंय, येऊ द्या, २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो ५० टक्क्यांवर गेला तेव्हा सोलापूरचे टॉवेलवाले हवालदिल झालेच होते. पण आम्हा कांदा एक्सपोर्टवाल्यांना राजकारणाचा फटका वॉशिंग्टनहून नाही, दिल्लीहून बसतो, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. ४० टक्के एक्सपोर्ट ड्युटी लागली ती ताबडतोब. सौदा जुन्या भावाने झालेला, माल गोण्यांत भरून न्हावा शेवा बंदराच्या रस्त्याला लागलेला, आता हे ४० टक्के भरायचे कुणी, दुबईची पार्टी तर हात वर करून मोकळी. बाजार समित्या बंद पडल्या, मग नाफेडची २४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर झाली, पण बंदरात अडकलेल्या मालाला त्याचा काय उपयोग? डिसेंबरात तर सरळ बंदीच. जहाजात लोडिंग सुरू झालेला आणि कस्टमच्या ताब्यात गेलेला माल तेवढा सोडला, बाकी ॲडव्हान्स घेऊन बसलेल्यांनी काय करायचं ते करा.

२०१९ च्या सप्टेंबरातही अशीच अचानक निर्यातबंदी आली, तेव्हा बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीत येऊन हसत हसत बोलल्या होत्या की आचाऱ्याला सांगितलंय जेवणात कांदा घालू नको, पुढच्या वेळी जरा आधी कळवत जा. पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबरला परत तेच, न कळवता! मग बांगलादेशच्या व्यापाऱ्यांनी इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तानचा कांदा मागवला तर त्यांचं काय चुकलं, आणि एकदा तुटलेलं गिऱ्हाईक बंदी उठली म्हणून लगेच परत येतं थोडंच.

१९९८ ला दिल्ली राज्यातली भाजपची सत्ता महागड्या कांद्याने घालवली, ती धास्ती समजू शकतो. (दिंडोरीत २०२४ ला उलट्या बाजूचा हिशेबही दिसला, कांदा उत्पादकांच्या रागात केंद्रीय मंत्री भारती पवार पडल्या.) भाव भडकला तर ड्युटी लावा, बंदी घाला, आमचं मागणं एवढंच की आदेशाच्या तारखेआधी ज्याचं एलसी (गिऱ्हाइकाच्या बँकेने पैसे देण्याची लेखी हमी) उघडलंय किंवा ॲडव्हान्स बँकेत जमा झालाय तेवढा माल जाऊ द्या. कागद बँकेत असतो, त्यात मागची तारीख घुसवणं सोपं नाही. १ एप्रिल २०२५ पासून ड्युटी उठली तेव्हाच हे लिहून घ्यायला हवं होतं. आमच्या भागातल्या खासदारांनी निदान आता तरी हे संसदेत मांडावं, लासलगावला येऊन भाषण नको.

– एक कांदा व्यापारी, पिंपळगाव बसवंत