रोटाव्हेटरचा विसार अजून देऊ नका

हॅमिल्टनजवळ, वायकाटो, न्यूझीलंड
१४ एप्रिल

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा दादाचा फोन आला तेव्हा अर्धं बोलणं वाऱ्यात गेलं. तेवढं मात्र कळलं, की माळावरची तीन एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, रोटाव्हेटरने भुसभुशीत करून तिथे नवं गवत पेरायचं चाललंय आणि विसार द्यायला दादा सोमवारी राजापुरात जाणार आहे. हे फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. दादा, हे आप्पांना सावकाश वाचून दाखव, आणि विसाराचं आठवडाभर थांबव.

माळ सुधारायचा विचार अगदी बरोबर आहे. दिवाळीनंतर आपण सगळे तिथून भारे आणायचो ते मला लख्ख आठवतं. पाखाडी उतरताना भाऱ्यातलं गवत डोळ्यांवर यायचं आणि आई पुढून ओरडून पायऱ्या सांगायची. गोठ्यामागची गंज मिरगापर्यंत पुरायची. आता निम्म्या माळावर रानमोडीचं तण, उरलेल्यात कुसळीचं गवत. आपल्या गाई कोकण कपिला, थोडक्यात भागवणाऱ्या, तरी त्यांच्यासाठी घाटावरून कडब्याचा टेम्पो मागवावा लागतो. हे मलाही सहन होत नाही.

मी सध्या इथे रोज नेमकं हेच काम करते आहे. तुमच्याकडे आंबा उतरवायची गडबड, इथे उन्हाळा नुकताच संपलाय. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या उन्हात कुरणं विरळ होतात, मधे मधे उघडी जमीन दिसते आणि तिथे तण घुसतं. मार्च-एप्रिलचा पाऊस पडला की जुनं गवत तसंच ठेवून त्यातच नवं बी पेरतात. इथलं मुख्य गवत रायग्रास, आणि त्याच्या जोडीला पांढरा क्लोव्हर, म्हणजे आपल्या मेथीघासाच्या कुळातलं, हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवणारं. इथल्या गाई वर्षभर बाहेर चरतात, त्यामुळे आपण भाताच्या तरव्याला जपतो तसं हे लोक गवताला जपतात.

आमच्या फार्मचे मालक मशीनचं नाव सगळ्यात शेवटी काढतात. आधी खांद्यावर फावडं टाकून कुरणभर फिरतात. चांगलं गवत किती शिल्लक आहे, जमीन किती कडक आहे, दगड किती, उतार किती, हे बघतात. चांगलं गवत बऱ्यापैकी उरलेलं असेल तर जमीन उलटायचीच नाही, असा त्यांचा शिरस्ता. उलटली की जुनी मुळं जातात, तणाचं पुरलेलं बी वर येतं, आणि नवं गवत धरेपर्यंत गुरांना तिथे सोडता येत नाही.

आता मशीनचं सांगते, कारण दादाला त्यातच रस आहे. सगळ्यात साधं म्हणजे बारीक लवचीक तारांचा फणा. तो जुन्या गवतावरून ओढला की मेलेलं, वाळलेलं गवत ओरबाडून निघतं आणि माती जराशी खरवडली जाते. वर बियाण्याची पेटी असते, तीतून बी पंख्याच्या वाऱ्याने खाली पडतं, आणि मागून रूळ फिरतो. गवत फार विरळ असेल तर हे पुरतं. दाट असेल तर बी गवतातच अडकून बसतं, मातीला लागतच नाही.

दुसरा प्रकार तव्यांचा. धारदार लोखंडी तवे जमिनीत उभी चीर पाडतात आणि बी त्या चिरेत पडतं. दगड आला तर तवा त्यावरून उडी मारून पुढे जातो. पण ओल्या चिकण मातीत चिरेच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, आणि पुढे ऊन पडलं की चीर फाकून बी वाळतं.

तिसरा फाळाचा. हा इथलाच शोध. पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी विद्यापीठात जॉन बेकर या शास्त्रज्ञाने उलट्या टी अक्षरासारखी चीर पाडणारा फाळ तयार केला. वर तोंड अरुंद, खाली पोट रुंद. बी त्या पोटात बसतं, वरून मातीचं आणि गवताचं झाकण राहतं, म्हणून ओल उडून जात नाही. तशा फाळांची पेरणी यंत्रं इथे शेतोशेती दिसतात. आमच्याकडे तेच आहे.

कुठलंही मशीन असलं तरी खरी परीक्षा गुडघे टेकूनच होते. पेरणीचा पहिला फेरा झाला की मी ट्रॅक्टर थांबवून उतरते, खिशातल्या चाकूने चीर उकलते आणि बी शोधते. रायग्रासचं बी आपल्या जिऱ्यासारखं लांबट, ते सापडतं. क्लोव्हरचं मोहरीपेक्षाही बारीक, एका किलोत पंधरा लाखांच्या आसपास दाणे. एवढ्याशा दाण्याच्या अंगात ताकद ती किती असणार? एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर त्याचा कोंब वर येईपर्यंत संपतो. ओळीत चार ठिकाणी उकलायचं, बी नखाएवढ्या मातीखाली आणि मातीला चिकटून आहे ना ते बघायचं, मगच पुढे जायचं.

हे मी चुका करून शिकले. दोन वर्षांपूर्वी एक कुरण भाड्याच्या तव्यांच्या मशीनने पेरून घेतलं. जमीन अजून पुरती भिजली नव्हती, तवे आत शिरलेच नाहीत, बी वर पडून राहिलं आणि चार दिवसांत पाखरांनी टिपलं. मशीन चालवणाऱ्याने त्याचे पैसे घेतलेच. पण शेजारच्या कुरणाची चूक सर्वस्वी माझी. ते आमच्या मशीनने पेरलं, खोली मी लावली होती, आणि उतरून बघितलं नाही. रायग्रास आलं, क्लोव्हर जवळजवळ नाहीच. त्या कुरणाकडे बघताना अजून जिवाला लागतं.

आता मुद्द्याचं. हे सगळं सपाट जमिनीचं झालं. इथले डोंगर आपल्या वरकशीपेक्षाही उभे आहेत आणि तिथे कुठलंच पेरणी यंत्र चढत नाही. तिथे काय करतात? आधी मेंढ्या घालून जुनं गवत मुळापर्यंत खाववतात. मग बी वरून फोकतात. मोठ्या डोंगरांवर विमानातून, कारण १९४९ पासून इथे डोंगरांवर विमानाने खत टाकायचा धंदाच उभा राहिला. बी पडलं की मेंढ्यांचा मोठा कळप दाटीने त्यावरून फिरवतात. खुरांनी बी मातीत दाबलं जातं. मग कळप हलवतात आणि पावसाची वाट बघतात. आप्पा, आपला माळ त्या डोंगरांच्या जातीचा आहे. ट्रॅक्टरच्या जातीचा तो नाहीच.

आपल्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागतो. रोटाव्हेटर तिथे पहिल्या तासात पाती मोडेल, आणि मोडली नाहीत तर जास्त वाईट. भुसभुशीत झालेली माती जूनच्या पहिल्या झडीत व्हाळातून खाली भाताच्या खाचरात जाईल. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे उताराची माती मुळांनीच धरून ठेवायची असते. शिवाय उघड्या मातीवर सगळ्यात आधी रानमोडीच उगवणार. तिचं बी वाऱ्याबरोबर येतं.

त्यापेक्षा असं करा. तीन एकर एकदम नको, दगडी गडग्याच्या आतलं एक एकर घ्या. रानमोडी मोठी असेल ती आत्ता ग्रासकटरने कापा, आणि पावसात जमीन मऊ झाली की मुळासकट उपटा. जुनं गवत खाली कापून, गुरांना चारून, अगदी बुटकं करा. वणवा मात्र लावू नका. दरवर्षीच्या आगीत चांगल्या गवताचं बी जळतं आणि पुढे आपण पेरू त्या स्टायलो या चाऱ्याच्या पिकाची झुडपंही जळतील.

हो, पेरायचं ते स्टायलो. क्लोव्हर आपल्याकडे टिकणार नाही. स्टायलोही द्विदल आहे आणि हलक्या, आंबट जमिनीत येतं. त्याचं बी टणक असतं, म्हणून ८० अंशांच्या गरम पाण्यात चार मिनिटं ठेवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालायचं. फोकून पेरायला एकरी चार किलो पुरे. दापोलीला कृषी विद्यापीठात चौकशी करा, तिथले लोक आपल्या जांभ्याच्या जमिनीचं माझ्यापेक्षा नक्की सांगतील. मातीचा नमुनाही द्या, कारण द्विदल पिकाला स्फुरद (फॉस्फरस) लागतं आणि जांभ्याची माती ते धरून बसते, पिकाला देत नाही.

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की बी बारीक मातीत मिसळून आडवं-उभं फोका. आधी दाताळ्याने माती खरवडून घ्या, नखभर, जास्त नाही. फोकल्यावर बोरीची काटेरी फांदी वर दगड ठेवून बैलांमागे ओढा, आणि मग वाडीतली सगळी गुरं एक दिवस तिथे दाटीने फिरवा. हेच आपलं पेरणी यंत्र. जुलैत जुनं गवत वाढून रोपांवर सावली धरू लागलं की वरून कापून घ्या. गुरं चरायला सोडण्याआधी एक रोप हाताने ओढून बघा. पान तुटलं आणि मूळ जमिनीत राहिलं तर सोडायला हरकत नाही. मूळच हातात आलं तर थांबा. आम्ही इथेही तसंच करतो. कुसळीची कापणी कुसळं पिकायच्या आत करा, आणि पहिल्या वर्षी स्टायलोचं बी तिथेच गळू द्या.

दादा, मशीनच हवं असेल तर चांगला ग्रासकटर घे, त्याचा पुढेही उपयोग आहे. विहिरीजवळच्या सपाट मळीत भाड्याचा पॉवर टिलर फिरवून फुले जयवंत या नेपिअर चारागवताची ठोंबं लाव. तिथे माती आहे, पाणी आहे, तिथे नांगरट शोभते.

आणि वरच्या सड्यावर काहीही पेरू नका. कातळावर श्रावणात सीतेची आसवं फुलतात, निळी चादर पसरते, ते इथे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तिकडे कातळशिल्पंही आहेत. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलं. तिथे ट्रॅक्टर चढवायचाच नाही.

सोमवारच्या आत एक काम करा. पहार घेऊन माळावर चार ठिकाणी ठोका, वर, खाली, गडग्याजवळ आणि काजूच्या बाजूला, आणि जांभा किती बोटांवर लागतो ते मला कळवा. फोटो दादा पाठवील. आईला म्हणावं, गुडघ्यांना तेल लावत जा, आणि या वर्षीच्या आढीतल्या पहिल्या आंब्यांतला एक माझ्या नावाने कपिलेला घाल.

तुमची,
बाय